शेवटची सुई

मराठवाड्यात थंडी मुक्कामाला येत नाही, भेटीला येते. दिवाळी आटोपून तुळशीची लग्नं लागेपर्यंत घरोघरी पंखे चालूच असतात. मग एखाद्या पहाटे नळाचं पाणी बोटांना चावतं, गल्लीच्या तोंडाशी शेकोटी दिसते आणि म्हातारी माणसं कानटोप्या घालून उन्हाच्या पट्ट्यात येऊन बसतात. परभणीचा पारा चार-पाच अंशांवर उतरल्याची बातमी पेपरात आली, की नांदेड-लातूरकरांनाही आपण काहीतरी थोर सोसतो आहोत असं वाटायला लागतं. संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला की हा पाहुणा परत निघतो. रथसप्तमीच्या दुपारी तर झाडाची सावली शोधावी लागते. म्हणजे सगळी मिळून थंडी दीड-दोन महिन्यांची, आणि तीही रात्रीची नि पहाटेची. अशा मुलखात चार-साडेचारशे ग्रॅम लोकर आणायची, दोन-तीन महिने मान मोडून स्वेटर विणायचा आणि तो वर्षातून जेमतेम पन्नास दिवस पेटीबाहेर काढायचा, हा व्यवहार कुठल्याही हिशेबात बसणारा नाही. माझी छत्तीस वर्षं बँकेत गेली आहेत, तेव्हा एवढं म्हणायचा अधिकार मला असावा.

तरीही आमच्याकडच्या बायका विणत होत्या. आणि स्वेटर पुरा होताना जे काही मनात होतं, त्याविषयी त्या कधी बोलल्या नाहीत. आज ते लिहावंसं वाटतं आहे.

लोकर ही मुळात आमची नव्हे. हा कापसाचा मुलूख. नांदेडात उस्मानशाही मिल होती. नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्रातून निघालेलं 'नांदेड ४४' हे संकरित वाण कित्येक वर्षं शेतकऱ्यांच्या तोंडी होतं. थंडीला आमचं उत्तर म्हणजे वाकळ. जुनी लुगडी, धोतरांचे तुकडे एकावर एक रचून दोऱ्याने घट्ट टिपलेली. रानात जाणाऱ्याच्या खांद्यावर घोंगडी. ती दख्खनी मेंढीच्या काळ्या, राठ लोकरीची. ऊन, वारा, पाऊस सगळं अंगावर घेणारी, पण उघड्या कातडीला टोचणारी. घोंगडी पांघरायची, अंथरायची, खोळ करून डोक्यावर घ्यायची. अंगात काही ती घालता येत नाही. आणि बाईमाणसाचं काय? आजही डिसेंबरात सकाळी कापूस वेचायला निघालेल्या बायका पाहा. साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा चढवलेला असतो. हात खरचटू नयेत म्हणूनही आणि थंडी वाजू नये म्हणूनही. अंगात घालायचं ऊबदार कापड म्हणून आमच्याकडच्या बाईच्या वाट्याला जे आलं, ते पुष्कळदा पुरुषाच्या अंगावरून उतरलेलं.

स्वेटर आला तो नोकरदारांच्या घरांत. रेल्वे, शाळा, पोस्ट, कचेरी. माझ्या आईचं माहेर निजामाच्या राज्यातल्या रेल्वे नोकरीतलं. सिकंदराबादच्या क्वार्टर्समध्ये शेजारच्या बाईंकडून ती विणायला शिकली. लग्न होऊन नांदेडला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत सुयांचे दोन जोड होते, एक दहा नंबरचा आणि एक बारा नंबरचा. दहाच्या सुईवर अंग विणायचं, बाराच्या सुईवर खालची पट्टी. नंबर चढत गेला की सुई बारीक होत जाते, हे जुन्या इंग्रजी मापाचं उलटं गणित तिनेच मला शिकवलं. पुढे नीलगिरीत केट्टीला बनणाऱ्या 'पोनी'च्या सुया बाजारात सगळीकडे मिळू लागल्या. पण आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी सायकलच्या चाकाच्या तारा दगडावर घासून त्यांवर विणत, आणि त्यांची वीण आईच्या विणीपेक्षा तसूभरही कमी नसे.

मराठीत 'विणणे' हा शब्द फार पोटात घेणारा आहे. मागावर कापड विणतात, सुतळीने बाज विणतात, बुरूड टोपली विणतो, कोळी जाळं विणतो. दोन सुयांच्या कामाला आपण वेगळा शब्द शोधलाच नाही. ओळीला मात्र बायका 'सुई' म्हणतात. 'आणखी चार सुया झाल्या की बगल घ्यायची', 'एवढी सुई पुरी करून उठते'. या 'एवढी सुई पुरी करून' वर कित्येक घरांतल्या आमट्या आटल्या असतील! हे काम पाश्चात्त्य आहे अशी आपली समजूत असते, पण सुयांवर विणलेले जे सगळ्यांत जुने नमुने हाती आले आहेत, ते इजिप्तमधले, आठशे-हजार वर्षांपूर्वीचे. आणि गंमत म्हणजे त्यांत सुती विणकामही आहे. कापसाच्या मुलखातल्या बाईला हे वाचून बरं वाटतं.

उलट गोऱ्या साहेबांच्या स्वेटरची भाषा थेट रणांगणावरून आलेली. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाला घोडदळाची जी प्रसिद्ध चढाई झाली, तिच्या पुढे लॉर्ड कार्डिगन होता. पुढून उघडा, बटणांचा स्वेटर त्याच्या नावाने ओळखला जातो. त्याचा सेनापती लॉर्ड रॅग्लन. वॉटर्लूच्या लढाईत त्याने उजवा हात गमावला होता. गळ्यापासून तिरपी उतरणारी 'रॅग्लन' बाही त्याच्या नावावर आहे. आणि थंडीने काकडणाऱ्या सैनिकांसाठी विणलेल्या टोपीला त्या गावाचंच नाव पडलं. इंग्रजीत तिला बालाक्लाव्हा म्हणतात. आपण तिला माकडटोपी म्हणतो, आणि मला वाटतं आपलं नाव जास्त खरं आहे.

आमच्या घरात एक मरून रंगाची लोकर होती. 'होती' असं लोकरीबद्दलच म्हणावं लागेल, स्वेटरबद्दल नाही, कारण स्वेटर बदलत गेले आणि लोकर तीच राहिली. पहिल्यांदा तिचा वडिलांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर झाला. चार-पाच हिवाळ्यांनी कोपऱ्याकोपऱ्यांतून विरायला लागला, तेव्हा आईने तो उसवला. उसवलेली लोकर कुरळी असते, शेवयांसारखी. तिची लडी करायची, कोमट पाण्यातून काढायची, वाळत घालताना खालच्या टोकाला पाण्याने भरलेला तांब्या टांगायचा म्हणजे पीळ सरळ होतो. मग कुणीतरी दोन्ही हात पुढे धरून बसायचं आणि त्या हातांवरच्या लडीचा गुंडा करायचा. ते हात बहुतेक वेळा माझे असत. त्या लोकरीचा थोरल्या भावाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर झाला, मग धाकट्याचा, त्यात कमी पडली म्हणून छातीवर करड्या रंगाचे पट्टे आले. मग आत्याच्या मुलाची टोपी नि मोजे, आणि अगदी शेवटी उरलेल्या तुकड्यांची फिरत्या रंगांची चौकोनी आसनं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या अंगावरून ती लोकर फिरली. आईच्या अंगावर ती कधी आली नाही. ती हिवाळ्यात पदर घट्ट लपेटून घेई, पुढे वडिलांची शाल घेऊ लागली.

आमच्याकडे विणायला बसलेल्या बाईला पहिला प्रश्न एकच विचारतात, "कुणासाठी विणायलीस गं?" रंग कुठला, नमुना कुठला, हे नंतर. आणि या प्रश्नाला दिराचं, भावाचं, भाच्याचं, येणाऱ्या बाळाचं नाव हेच उत्तर असतं. बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी, कुंची यांच्या जोडीला लोकरीचा स्वेटर, टोपरं आणि मोजे असा संच द्यायची पद्धत आमच्याही घरांत आली. पिवळा किंवा पांढरा रंग, कारण मुलगा की मुलगी हे ठरलेलं नसे. मोजे इतके इवलेसे, की पेढ्याच्या खोक्यात अख्खा बाळंतविडा मावायचा. उन्हाळ्यात जन्मलेल्या बाळालाही हा संच मिळे. मे महिन्यात नांदेडच्या उकाड्यात लोकरीच्या टोपड्याचं ते काय करणार, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

१९६२ साली चीनने आक्रमण केलं तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. हिमालयातल्या बर्फात लढणाऱ्या आपल्या शिपायांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते, ही गोष्ट तेव्हा घरोघरी कळली होती. त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं महाराष्ट्र अभिमानाने म्हणू लागला. मी तेव्हा तीन वर्षांची, मला काही आठवत नाही. आई सांगायची की दोन स्वेटर तिने दिले, दोन्ही एकाच मापाचे. कुणाचं माप घेतलं होतंस, असं मी मोठेपणी विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या मामाचं." मामा कधी फौजेत नव्हता. पण विणताना समोर कुणाची तरी छाती लागते, खांदे लागतात. नुसत्या 'जवान' या शब्दाला बगल घेता येत नाही.

१९८३ मध्ये मी बँकेत लागले. 'बँकेतल्या बायका काउंटरवर स्वेटर विणत बसतात' हा विनोद तेव्हा मासिकांच्या व्यंगचित्रांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे चालायचा. त्यात तथ्य किती, हे कधीतरी मोजायला हवं होतं. कॅश काउंटरवर बसलेल्या बाईला डोकं वर करायला फुरसत नसते; एक हात नोटांवर, एक हात स्पंजच्या डबीत. विणणं चाले ते जेवणाच्या अर्ध्या तासातल्या उरलेल्या बारा मिनिटांत, आणि एसटीत. १९८९ ला माझी लातूरला बदली झाली. घर नांदेडला, नोकरी लातूरला. शनिवारी दुपारी निघायचं, सोमवारी पहाटे परतायचं. चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. तेव्हाच्या रस्त्याने चार-साडेचार तास लागत. खिडकीची जागा मिळाली की पिशवीतून सुया निघत. त्या रस्त्याचे मैलाचे दगड मला अजून सुयांत आठवतात. चाकूरपर्यंत आठ, अहमदपूरच्या स्टँडवर चहा, आणि लोहा येईपर्यंत बाहीचं एक बोट वाढलेलं. शेजारी बसलेल्या अनोळखी बायका वीण हातात घेऊन बघत, आपल्या पोराच्या दंडाचं माप विचारलं नसताना सांगत, आणि उतरताना म्हणत, "भावासाठी का?" लोकर लातूरला गंजगोलाईतल्या कटलरीच्या दुकानातून घ्यायची. सोळा रस्ते येऊन मिळतात त्या गोलात एका रस्त्याने आत गेलं की दुसऱ्याच रस्त्याने बाहेर पडायचं, हा लातूरमध्ये नव्या आलेल्या प्रत्येकाचा अनुभव. नमुने 'गृहशोभा'च्या विणकाम अंकांतले. तो अंक एकीने विकत घ्यायचा आणि शाखेतल्या सहा जणींनी वहीत उतरवून घ्यायचा. 'दोन सुलट, धागा पुढे, एक न विणता उचला' अशा ओळींनी लेजरसारख्या भरलेल्या त्या वह्या मी अजून टाकलेल्या नाहीत.

त्याच लातूरच्या मुक्कामात किल्लारी झालं.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून उशिरा झोपलेली माणसं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. आठ ते दहा हजार माणसं. त्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी त्यात भर घालणार नाही. मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या थंडीबद्दल. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्यांना त्या वर्षी थंडी वेगळी लागली. पत्रा दुपारी तापतो आणि पहाटे बर्फासारखा होतो. मातीच्या जाड भिंतींनी जीव घेतले होते हे खरं, पण इतकी वर्षं ऊबही त्यांनीच दिली होती. देशभरातून कपड्यांचे ट्रक आले होते. त्यांत चांगलं होतं तसं निरुपयोगीही होतं. शहरी फ्रॉक, पँटी, नायलॉनच्या साड्या यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिलेले मी पाहिले. शाखेतल्या आम्ही पाच-सहा जणींनी त्या हिवाळ्यात लहान मुलांच्या कानटोप्या विणल्या. एक टोपी म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम लोकर आणि एक संध्याकाळ. बाकी काही करता येत नव्हतं म्हणूनही असेल. रविवारी त्या घेऊन गेलो तेव्हा एका शेडमधल्या आजीबाईंनी टोप्या घेतल्या, नातवंडांच्या डोक्यावर चढवून पाहिल्या, आणि मग मला विचारलं की जुनेर मिळेल का. नवं नको होतं त्यांना. सुती, वापरलेलं, मऊ झालेलं कापड हवं होतं, वाकळ शिवायला. घरातल्या सगळ्या वाकळा ढिगाऱ्याखाली गेल्या होत्या आणि मदतीत आलेल्या नायलॉनच्या साड्यांची वाकळ होत नाही.

त्यांच्याच अंगावर, नऊवारी लुगड्यावर, ढिगातून मिळालेला एक निळा स्वेटर होता. हातविणीचा. माझी नजर तिकडे गेलेली पाहून त्यांनी खालची कड उलटून दाखवली. आतल्या शिवणीला त्याच लोकरीची एक वितीभर गुंडाळी टाचून ठेवलेली होती. पुढे कुठे विरला तर रफू करायला. कुठल्या गावच्या कुठल्या बाईने तो विणला होता कोण जाणे, पण देऊन टाकतानाही तिने ती गुंडाळी काढून घेतली नव्हती. आजीबाई सुयांवर कधी काही विणलेल्या नव्हत्या. तरी ती गुंडाळी कशासाठी आहे ते त्यांना बरोबर कळलं होतं.

त्यानंतर पाच-सात वर्षांत घरचं विणकाम आमच्याकडून उठत गेलं. कारणं साधी आहेत. लुधियानाच्या यंत्रांवरचे स्वेटर गल्लीपर्यंत पोहोचले. नांदेडला तर लुधियाना तसं परकं नाही. हुजूर साहिबमुळे पंजाबशी आमचा तीनशे वर्षांचा घरोबा, आणि अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस लुधियानावरूनच जाते. शिवाय दर हिवाळ्यात तिबेटी माणसं गावोगाव स्वेटरचे तंबू टाकतात. १९५९ नंतर भारतात आलेल्या या निर्वासितांनी स्वेटरविक्री हा आपला धंदा केला. आपल्या महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉरग्येलिंग ही त्यांची वसाहत आहे. पुष्कळांना वाटतं की ते स्वेटर त्यांनी हाताने विणलेले असतात. तसं नाही. माल बहुतेक लुधियानाचाच. तिथले व्यापारी हंगामाच्या आधी तो उधारीवर देतात आणि तिबेटी विक्रेते हंगाम संपल्यावर हिशेब चुकता करतात, असा हा वर्षानुवर्षांचा विश्वासाचा व्यवहार आहे. तारण मागण्यात नि जामीनदारांच्या सह्या घेण्यात आयुष्य गेलेल्या मला त्या तंबूसमोर उभं राहिलं की थोडं वरमल्यासारखं होतं. तर असा तयार स्वेटर ज्या किमतीला मिळतो, तेवढ्यात हल्ली नुसती चांगली लोकरही येत नाही. शिवाय मुलं हातविणीचा स्वेटर घालायला लाजतात. माझ्या पुतण्याने तर मी दिलेला स्वेटर 'आठवण म्हणून' जपून ठेवला आहे. वस्तू आठवण झाली की तिचा उपयोग संपला असं समजावं.

मी २०१९ ला निवृत्त झाले. दोन कादंबऱ्यांची कामं हातावेगळी झाली, आणि गेल्या पावसाळ्यात वजिराबादेत दुसरंच काही आणायला गेलेली मी, दुकानातल्या फळीवर मरून लोकर पाहिली. जुन्या लोकरीपेक्षा जरा गडद. साडेचारशे ग्रॅम घेतली. दुकानदाराने पिशवीत गुंडे भरता भरता विचारलंच, "नातवासाठी का मॅडम?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." त्याने हसून मान डोलावली. बहुधा त्याला ते खरं वाटलं नसावं.

पासष्टाव्या वर्षी स्वतःचं माप घेणं हा एक प्रकारच असतो. दुसऱ्याचं माप आपण टेप लावून घेतो, तेव्हा आकडा म्हणजे नुसता आकडा असतो. स्वतःच्या कमरेभोवतीचा आकडा वहीत लिहिताना हात जरा रेंगाळतो. पण स्वेटरला खोटं माप चालत नाही. मी खरं लिहिलं, बँकेतल्या सवयीने तारीखही घातली.

आणि सवयीनेच हिशेबही मांडला. दहा नंबरच्या सुईवर माझ्या हाताने इंचाला सात टाके नि नऊ ओळी येतात, म्हणजे चौरस इंचाला ६३ टाके. पुढचा नि मागचा भाग वीस बाय चोवीस इंच, दोन बाह्यांचे मिळून आणखी सव्वाचारशे-साडेचारशे चौरस इंच. बेरीज ८७ हजार टाक्यांच्या वर जाते. मिनिटाला तीस टाके धरले तर ४८-४९ तास. गणेशोत्सवात टाके घातले आणि मार्गशीर्षाच्या सुरुवातीला शेवटच्या सुईवर आले. मधले दिवस मला आता वेगळे काढून सांगता येणार नाहीत. बातम्या, मालिका, फोनवरची बोलणी, दवाखान्यातली वाट पाहणं, हे सगळं त्या ८७ हजारांत कुठेतरी गेलं आहे.

शेवटची सुई फार लवकर संपते, हे विणणाऱ्या कुणालाही विचारा. दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उडी मारून सोडायचा, पुन्हा एक विणायचा, पुन्हा मागचा सोडायचा. सुई हलकी होत जाते. इतके दिवस जे उसवून पुन्हा सुरू करता येण्यासारखं होतं, ते टाक्याटाक्याने पक्कं होत जातं. शेवटचा एकच टाका उरतो, त्यातून लोकरीचं टोक ओवून घ्यायचं, आणि दोन्ही सुया मोकळ्या.

पण त्या वेळी हातात स्वेटर नसतोच. चार तुकडे असतात, कडा गोळा झालेले, केविलवाणे. पुष्कळशा घरांतल्या ट्रंकांत असे चार तुकडे सापडतील, विणून झालेले, न जोडलेले. विणण्याची नशा असते, जोडण्याची नसते. खरं तर स्वेटर होतो तो जोडताना. आधी तुकडे रिठ्याच्या पाण्यात धुवायचे. दोन-तीन बादल्या साधं पाणी लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं तेव्हाच्या लातुरात, लोकर धुवायचा विचारही कुणाच्या मनाला शिवला नसता. धुतलेले तुकडे पिळायचे नाहीत, टॉवेलात गुंडाळून दाबायचे, आणि दोरीवर न टांगता सावलीत चटईवर पसरून, कडा ओढून मापात बसवायचे. दोन दिवसांनी ते वाळून उठतात तेव्हा त्यांचा केविलवाणेपणा गेलेला असतो. टाके शहाण्या मुलांसारखे रांगेत बसलेले असतात. मग आधी खांदे जोडायचे. गळ्याभोवतीचे टाके उचलून बारा नंबरच्या सुईवर पट्टी विणायची. बाह्या लावायच्या, बगलेची शिवण बगलेलाच भेटली पाहिजे. सगळ्यांत शेवटी लोंबणारी टोकं आतल्या बाजूने ओवून टाकायची. हे करायला मला तीन संध्याकाळी लागल्या. एक वितीभर लोकर गुंडाळून आतल्या शिवणीला टाचली. किल्लारीहून आल्यापासून मी विणलेल्या एकाही स्वेटरात ते चुकवलेलं नाही.

आणि मग तो डोक्यातून घातला. नव्या स्वेटरच्या गळ्यातून डोकं बाहेर येईपर्यंत दोन क्षण अंधार असतो, लोकरीचा आणि रिठ्याचा वास असतो. बाह्या मनगटापर्यंत आल्या. पाठीत कुठे ओढलं गेलं नाही. तयार कार्डिगन मी नोकरीत कितीतरी वापरले, पण ते कुणा सरासरी बाईच्या मापाचे. उजवा खांदा माझा जरा उतरता आहे, चेंबरमधल्या खुर्चीची देणगी. तो खांदा या स्वेटरला माहीत होता. ऊब म्हणाल तर ती लगेच येत नाही. लोकर आधी आपली ऊब घेते, चार मिनिटांनी परत करायला लागते. या एका ठेवीवरचं व्याज मी अगदी समाधानाने घेतलं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात थंडी खरी पडली तेव्हा पहाटे तो घालून नगीना घाटाकडे फिरायला गेले. गोदावरीवर धुकं होतं. पंजाबातून आलेली यात्रेकरू मंडळी घाटावर होती. आमच्या या थंडीला ती थंडी म्हणतच नाहीत, साध्या चुन्न्या घेऊन बसलेली. त्यांतल्या माझ्याच वयाच्या एका सरदारीणबाईंनी मला हाताने थांबवलं. काही न बोलता बाहीची कड दोन बोटांत धरली, उलटी करून आतली बाजू बघितली, मग बगलेची शिवण बघितली. पंजाबच्या बायकांसमोर विणकामाची परीक्षा म्हणजे संगीताच्या घराण्यात जाऊन गाणं म्हणण्यासारखं.

"खुद बुना है?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. आता पुढचा प्रश्न येणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण कुणासाठी, हे त्यांनी विचारलंच नाही. अंगावर होता की तो माझ्या!

"कितने नंबर की सलाई?"

"दस," मी म्हटलं. "पट्टी बारह की."

त्यांनी मान हलवली. गळ्याची पट्टी बाराऐवजी तेरावर घेतली असती तर आणखी छान बसली असती, असं त्यांचं मत पडलं. मग पायरीवर मला शेजारी बसवून, बोटांच्याच दोन सुया करून, गळ्याचे टाके त्यांच्या गावाकडे कसे उचलतात ते दाखवायला लागल्या. पहिल्यांदा मला नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा दाखवलं. ऊन वर आलं, नगीना घाटाच्या पायऱ्या तापायला लागल्या, लोक अंगावरच्या शाली काढून खांद्यावर टाकायला लागले. मला चांगलंच गरम होत होतं. स्वेटर मी काढला नाही.